दहा मिनिटं आधीचा टोल
सातवीत शाळा सोडून नळदुर्गहून आलेल्या मला हैदराबादच्या लॉ कॉलेजात शिपाई म्हणून चिकटवलं, ते फौजदारी कायदा शिकवणाऱ्या म्हाताऱ्या प्रोफेसरसाहेबांनी. विलीनीकरणानंतर त्यांची जन्मभराची शिकवायची उर्दू गेली आणि इंग्रजीतून शिकवण्याचा हुकूम निघाला. एकदा चोरीचं कलम सांगताना ते अडखळले, तशी पोरं बाकं बडवत, भाषांतर मागत ओरडली, “साहब, इसका तर्जुमा कौन करेगा?” मला बघवेना, म्हणून मी दहा मिनिटं आधीच टोल दिला. प्रिन्सिपलनी विचारलं, “तास आधी कुणी सोडला?” “मीच,” प्रोफेसरसाहेब म्हणाले, माझ्याकडं न बघता. गावाकडची चार तोंडं माझ्या पगारावर होती, मी गप्प राहिलो. तेच कारण दाखवून महिनाभरात त्यांना घरी बसवलं. आजही कुठं शाळेचा टोल पडला, की हाताला त्या पितळेचा वास येतो. त्यांच्या लेकरांना गाठून एकदा सांगणार आहे, तास त्यांनी सोडला नव्हता.