चंद्राबाईची मुकी बाई

कुंडलच्या चंद्राबाईनं शहात्तर साली शिनेमात काम केलं. पुण्याच्या दिग्दर्शकानं तिला शेतकऱ्याची बायको केली होती. ती बाई पाणी वढती, भाकरी थापती, दारात हुबी ऱ्हाती. बोलत मात्र कायबी न्हाई.

शाळंच्या पटांगणात पडदा लावून शिनेमा दाखवला. दिग्दर्शकानं सगळ्यांदेखत विचारलं, "कसा वाटला? पुढच्या चित्रपटातही तुम्हालाच घेणार आहे."

चंद्राबाईला हौस तर लय होती. तरी ती म्हणाली, "रान खरं हाय, त्यातल्या म्हाताऱ्याचं खोकनं झ्याक. पर माझी बाई अर्धीच लिवलीया."

"तिच्या मौनातच सगळं आहे, बाई."

"मी घरात आशी गप बसले, तर शेजारीन ताप आलाय का बघाय यील! एक भांडान लिवा, मग येते."

"आगं, काम जाईल!" नवरा लालासाहेब कुजबुजला.

"जाऊ द्या."

काम गेलंच. पुढच्या जत्रेला तंबूत त्याच दिग्दर्शकाचा नवा शिनेमा लागला. पडद्यावर दारात दुसरीच बाई मुकी हुबी. बायकांच्या बाजूला बसलेली चंद्राबाई उठली नि पडद्याकडं बघून वरडली, "आगं, बोल की!"

मग त्या बाजूच्या सगळ्याच बाया वरडाय लागल्या.