देवधानाचं पान

सानगडीच्या घरात खिडकीशी टेबल लावून मी कॉम्प्युटर मांडला, तेव्हा घरच्यांना तो नुसता पसारा वाटला. जुना डेस्कटॉप, दुसरा पडदा म्हणून दिरांनी अडगळीत टाकलेला टीव्ही, आणि खाली इन्व्हर्टर, कारण वीज कधी जाईल याचा नेम नाही. टीव्हीवर मी फोटो उघडे ठेवायची, कॉम्प्युटरवर टिपणं लिहायची. मी शाळेत विज्ञान शिकवते. आपल्या तलावांत काय काय उगवतं ते मुलांना सांगता यावं, म्हणून विकिपीडियासारखी पानं जोडणारं विकीचं सॉफ्टवेअर टाकून घेतलं होतं. प्रत्येक वनस्पतीला, प्रत्येक माशाला एक पान. पानातलं नाव दाबलं की त्या नावाचं पान उघडतं. पान लिहायचं राहिलं असेल तर नाव लाल दिसतं.

शेजारच्या काकी मासे विकतात. नवऱ्यासोबत बोडीत, म्हणजे गावाजवळच्या लहान तलावात, जाळं टाकण्यात त्यांची उमर गेली. एका रविवारी दुपारी मोबाईल चार्जिंगला लावायला आल्या आणि टीव्हीवरचा फोटो बघून थबकल्या.

"हे तं देवधान हाय. आन् त्या बाजूच्या कांपुटरवर ते लाल काहून दिसून राहिलं?"

"त्याची माहिती नाही माझ्याकडे, काकी. मरळ माशाचं नाव आहे ते."

"मरळची माहिती नाई? मले इचार ना."

त्या खाली बसल्या आणि बोलू लागल्या. देवधान म्हणजे पाण्यातला रानभात, कोणी पेरत नाही, आपोआप येतं. नांगराशिवाय येतं म्हणून उपासाला चालतं. त्याचे दाणे खायला अडई बदकं येतात. त्याच्या बुडाशी मरळ पिल्लं सांभाळते. काठावर बेशरमीची झुडपं माजली की देवधान मरतं, मग मरळही दिसत नाही. मी टाइप करत होते, बोटं मागे पडत होती. त्यांच्या एकाएका वाक्यात दोन-तीन पानं जोडली जात होती.

दीड-दोन तासांनी मी देवधानाचं पान उघडलं. पूर्वी मी तिथे जेमतेम दोन ओळी लिहिल्या होत्या. आता खाली, या पानाकडे कुठून कुठून वाट येते त्याची यादी दिसत होती. मासा, बदक, उपास, बेशरम, चिखल, बोडीची पाळ. ती यादी सरकवत मी खाली खाली गेले. मी महिनोन्महिने टेबलाशी बसून जे जुळवू पाहत होते, ते या बाईच्या डोक्यात अख्खं जुळलेलं होतं. त्यांना लिहिता-वाचता येत नाही.

मी म्हटलं, "खाली तुमचं नाव लिहिते, काकी. हे तुम्ही सांगितलं म्हणून."

"माह्यं कायले? माह्या सासूनं शिकवलं. तिचं लिव."

सासूचं नाव त्यांनी आयुष्यात कधी घेतलं नव्हतं. त्यांनी पदर सारखा केला आणि मोठ्याने सांगितलं. मी लिहिलं.

मग म्हणाल्या, "पिल्लं पाह्याची हायेत? चाल."

बोडीच्या पाळीवर त्यांनी माझा दंड धरून मला खाली बसवलं. "हलू नोको. सावली पडू देऊ नोको."

देवधानाच्या हिरव्या पात्यांमध्ये पाणी स्थिर होतं. काही दिसेना. मग त्यांनी बोट दाखवलं. पाण्याखालून केशरी-लाल असा एक गोळा वर आला, थरथरला, फाटला, पुन्हा एक झाला. शेकडो पिल्लं, प्रत्येक तांदळाच्या दाण्याएवढं. आणि त्यांच्याखाली काळी, जाड, न हलणारी मरळ. ती आमच्याकडेच बघत असावी असं मला वाटलं.

मी श्वास रोखून बसले. फोन खिशात होता, पण फोटो काढायचं सुचलंच नाही.

"दरसाल इथंच रायते," काकी हलक्या आवाजात म्हणाल्या. "आमी या दिसांत इथं जाळं टाकत नाई."

घरी येऊन चिखलाच्या पायांनीच मी टेबलाशी बसले. मरळच्या पानावर काकींनी सांगितलेलं आधीच होतं. त्याखाली एवढंच लिहिलं: आज पाहिली.