नवसातली रजा

“आवं डाक्टरीणबाई, दुर्बीण घालून बगा, पर काय त्यो सोक्षमोक्ष लावा. दोन वर्सं झाली लगीन हून!”

हौसाक्का उंब्रजहून मुलगा-सुनेला घेऊन माझ्या मलकापूरच्या दवाखान्यात आल्या होत्या. सून रोहिणी मान खाली घालून बसलेली. मुलगा सागर फौजेत, रजेवर आलेला, दाराशी सावधान उभा. दोघांचे सगळे रिपोर्ट नॉर्मल. तरी भावकीत ‘दुसरी बघा’ सुरू झालं होतं. मागच्या वेळी हे सांगताना रोहिणी ढसाढसा रडली होती.

दुर्बीण म्हणजे लॅप्रोस्कोपी. भूल देऊन बेंबीपाशी छेद घेतात आणि कॅमेऱ्यानं आत बघतात. ऊठसूट करायची गोष्ट नव्हे.

“दोन वर्षांत घरी किती दिवस होता?” मी सागरला विचारलं.

“तीनदा, मॅडम. महिना-महिना. ही चौथी रजा.”

दोन वर्षं कसली? जेमतेम तीन महिने! मी हौसाक्कांना बाहेर बसवलं.

“आणि त्या तीन महिन्यांत?”

सागर एकदम छताकडं बघायला लागला. शेवटी रोहिणीच म्हणाली, “आत्यांचा नवस हाय यमाईला. हे रजेवर आले की एकवीस दिवस पाळणूक. औंधाला जाऊन येईस्तोवर ह्यांनी बाहेर सोप्यात झोपायचं.”

सासूला ती आत्या म्हणायची. मला हसू आलं आणि संतापही. बीज महिन्यातून एकदाच सुटतं, पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी, आणि दिवसभरच टिकतं. त्याआधीचे चार-पाच दिवस आणि तो दिवस, एवढेच कामाचे. मी पाळीच्या नि रजेच्या तारखा जुळवल्या. तिन्ही वेळा ते दिवस बरोब्बर नवसात गेले होते. याही वेळी परवापासून तेच होणार होतं.

हौसाक्कांना आत बोलावून सगळं समजावलं. त्या घाबरल्या. “नवस मोडला तर देवी कोपंल की वो!”

“मोडू नका. नवस बोललं कोण? तुम्ही. मग पाळणूकही तुम्हीच करा. मालकांना पाठवा सोप्यात.”

“आवं, त्ये कवाचंच थितं झोपत्यात!”

सागरसकट सगळे हसले. त्या दिवसापासून सासूबाईंनी पाळणूक स्वतःकडं घेतली.

पुढच्या महिन्यात रोहिणी टेस्ट पॉझिटिव्ह घेऊन आली. मला इतका आनंद झाला की बाहेरच्या पेशंटना थांबवून मी चहा मागवला. हौसाक्का गावभर सांगतात, यमाई पावली. सांगू देत.

रिपोर्टात सगळं कळतं, घरातले नियम तेवढे कळत नाहीत. ते विचारावे लागतात, आणि तेही सासूला बाहेर बसवून.