चुन्याने आखलेली होडी

फोन आला तेव्हा मी कणकवलीच्या स्टँडवर मसुऱ्याच्या गाडीची वाट बघत उभी होते. नाव फिलूवहिनींचं दिसलं, पण मला वाटलं, बायकोच्या फोनवरून सरच बोलणार. दिवाळी झाली की इनास सरांचा फोन यायचाच, आणि कसं काय, बरं आहे ना, असलं काही न विचारता पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, ‘बाय, तारीख काढलंय.’ तारीख म्हणजे बेटावर मुक्कामाला जायची तारीख. पण फोनवर वहिनीच होत्या. ‘शुभा, तो गेलो गो,’ एवढंच म्हणाल्या. सकाळी चहा घेतला, व्हरांड्यातल्या खुर्चीत टेकले, आणि... मसुऱ्याची गाडी आली, समोर उभी राहिली, निघूनही गेली. मग भानावर येऊन मी मिठबावची गाडी कुठे लागते ते विचारत सुटले, जणू त्या स्टँडवर मी पहिल्यांदाच आले होते.

इनास सर आमच्या हायस्कूलमध्ये भूगोल शिकवायचे. मी मराठी शिकवायला तिथे लागले तेव्हा त्यांचे केस अर्धे पांढरे झाले होते. मी मसुऱ्याची, भातशेतीतली पोर. ओहोळाला गुडघाभर पाणी आलं तरी देवाचं नाव घेऊन उतरणारी. सरांचं घर मिठबावच्या किनाऱ्यावर, सुरूच्या झाडांच्या अलीकडे. तिथून होडीने अर्ध्या तासावर एक बेट आहे. वस्ती नाही, झाडं मोजकीच, एका बाजूला जराशी वाळू, गोड्या पाण्याचा थेंब नाही. त्याला आम्ही नुसतं ‘बेट’ म्हणायचो. थंडीत समुद्र निवळला की परवानगी वगैरे काढून तिथे एक रात्र काढायची, ही सरांची हौस. स्टाफरूममध्ये त्यांनी विचारलं, ‘कोण कोण येता?’ आणि माझ्या नवऱ्याने, त्याच शाळेत शिकवणाऱ्या विलासने, मला न विचारता हात वर केला. तो पोहणारा, उत्साही, आणि जेवणाचा भोक्ता. मी आपली त्याच्यामागून फरफटत गेले.

त्या पहिल्या खेपेला आम्ही जो गोंधळ घातला तो आम्हीच घालू जाणे. तांदूळ घेतले, लाकडं घेतली, वाटपाचा डबा घेतला, ताजं खोबरं लागलं तर म्हणून नारळ खवायचा आडाळोसुद्धा घेतला. पिण्याच्या पाण्याचे कॅन मात्र सांडू नयेत म्हणून सगळ्यात शेवटी चढवायचे ठरले, आणि प्रत्येकाने ते सरकवत सरकवत किनाऱ्यावरच्या सगळ्यात सुरक्षित जागी नेऊन ठेवले. ते तिथेच राहिले. बेटावर पोचल्यावर कळलं तेव्हा होडी परत गेली होती, ती उजाडल्यावर येणार होती. नशिबाने फिलूवहिनींनी सोलकढीची मोठी बरणी दिली होती. आम्ही ती रात्र सोलकढीवर काढली. भात सोलकढीत शिजवावा की नाही यावर विलास आणि सर गंभीरपणे चर्चा करत होते, आणि माझी हसून हसून मुरकुंडी वळली होती. भीती वाटायला सवड मिळाली नाही.

पुढच्या वर्षी सरांनी आम्हाला आधी घरी बोलावलं. अंगण नुकतंच सारवलेलं होतं. शाळेच्या मैदानावर कबड्डीच्या रेषा मारतात तसा त्यांनी चुना घेतला आणि आम्हाला बेटावर सोडणाऱ्या बाबल तांडेलाच्या होडीची लांबी-रुंदी धरून अंगणातच होडी आखली. ‘आता भरा,’ म्हणाले. आधी पाण्याचे कॅन, मग बाकीचं सामान, मग माणसं. रेषेबाहेर गेलं ते घरी राहिलं. विलासची घडीची खुर्ची गेली, गाण्यांचा स्पीकर गेला. ‘दर्याक सोताचो आवाज आसा,’ सर म्हणाले. आडाळो मात्र राहिला. त्याच्याबद्दल त्या अंगणात कोणी ब्र काढला नाही. त्या रेषांमध्ये आम्ही मोठी शहाणी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसलोय, आणि फिलूवहिनी पायरीवर उभ्या राहून पदराने डोळे पुसत हसतायत. त्या स्वतः कधीच आल्या नाहीत. होडी लागते मला, म्हणायच्या, आणि डबे भरायला आत जायच्या.

सामान बसलं की सर एकच नियम सांगायचे. ‘परत’ म्हणायचा अधिकार एकाचा, पुढे बसून पाणी बघणाऱ्याचा. त्याने ‘परत’ म्हटलं की होडी वळणार आणि कारण कोणी विचारायचं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. सरांनी आम्हाला कितीदा तरी वळवून आणलं. एकदा तर बेटावरची झाडं मोजता येतील इतक्या जवळून. स्टाफरूममध्ये आमचं नाव ‘परत पार्टी’ पडलं होतं. डबे घरी येऊन खायचे, याची आम्हाला सवय झाली.

हा नियम समुद्रावरच थांबला नाही. माझ्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडायचं आम्ही ठरवलं तेव्हा नात्यातल्या प्रत्येकाला कारण हवं होतं. पत्रिका छापून झाल्या होत्या. मला कुठे तोंड दाखवावंसं वाटेना, आणि मी एका दुपारी मिठबावला जाऊन सरांच्या व्हरांड्यात बसले. सांगितलं, लग्न मोडलं. सर म्हणाले, ‘वेळेर फिरलास, बरा झाला. चाय घे.’ आणि खरंच, पुढे कधीही त्यांनी का म्हणून विचारलं नाही. त्या चहाइतकं कोणाचं देणं मी लागत असेन असं मला वाटत नाही.

गेल्या थंडीत सरांचं हृदय कुरकुरायला लागलं होतं. डॉक्टरांनी होडीचं नावच काढू दिलं नाही. तरी तारीख निघाली, अंगणात होडी आखली गेली. सर खुर्चीत बसून काठीने दाखवत होते, विलास चुना सोडत होता. सामान बसलं, आम्ही बसलो, पुढची सरांची जागा मोकळी राहिली. सर म्हणाले, ‘थंय शुभा बसतली. ‘परत’ ती म्हणतली.’ विलास हसला. ‘सर, अहो ही ओहोळसुद्धा डोळे मिटून ओलांडते.’ सर म्हणाले, ‘म्हणानच. जेका भिया वाटता, ता दर्याकडे बघीत रवता. तुझा लक्ष डब्यात.’ सगळे हसले. मी हसले नाही. ती त्यांची शेवटची थंडी असेल हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं, पण मनात सगळ्यांच्याच होतं. या खेपेला तरी बेटावर जाऊन यावं, तिथली हकिगत त्यांना सांगावी, एवढं मला फार वाटत होतं.

सकाळी निघालो तेव्हा पाणी बरं होतं. बेट जवळ आलं तसं वाळूच्या तोंडाशी लाट फुटताना दिसली. मोठी नव्हती. थांबायची, वाटायचं संपली, आणि मग पुन्हा पांढरी व्हायची. बाबल म्हणाला, ‘बाई, जातली होडी. मी घालतंय आत.’ विलास माझ्याकडे बघत होता. किनाऱ्यावर खुर्ची टाकून बसलेले सर माझ्या डोळ्यांसमोर होते. ते काय म्हणतील... मी म्हटलं, ‘परत.’ बाबलने होडी वळवली. विलासने कारण विचारलं नाही, त्याबद्दल मी त्याला आयुष्यभर सगळं माफ केलं आहे.

दुपारपर्यंत समुद्र असा सपाट झाला की ताटात घ्यावा. मला रडू यायला लागलं. मी सरांच्या खुर्चीशी वाळूत बसले आणि नियम मोडून मीच विचारलं, ‘सर, चुकलं का माझं? लाट होती, की मीच घाबरले?’ सरांनी पाण्याकडे बघितलं. मग म्हणाले, ‘माका काय म्हायत? थंय तू होतंस.’ ते बरोबर होतीस म्हणाले असते तर मला खरं वाटलं नसतं. मग त्यांनी बाबलला हाक मारली. ‘सामान घराक नेव नको रे. हंयच उतरय.’

सुरूंच्या खाली ताडपत्री बांधली, चटया पडल्या, तीन दगडांची चूल पेटली. डॉक्टरांनी होडी नको म्हटलं होतं, वाळू नको असं काही म्हटलं नव्हतं. सर उशी घेऊन आमच्यात आले. फिलूवहिनीही आल्या. स्वतः भरलेले डबे त्या पहिल्यांदाच आमच्या पंगतीत बसून खात होत्या, आणि मीठ कमी पडलंय म्हणून स्वतःलाच बोलत होत्या. सकाळी मी उठले तेव्हा दोघं एका चादरीत खांदे गुंडाळून चहा पीत होती. त्या सकाळसाठी मी त्या लाटेची आभारी आहे. आम्ही बेटावर उतरलो असतो तर ती दोघं आपल्या व्हरांड्यातच बसून राहिली असती.

सर गेल्यावर महिन्याची मीस, म्हणजे त्यांच्यासाठीची प्रार्थना झाली. चर्चमधून बाहेर पडताना फिलूवहिनींनी माझा हात धरला. ‘बेटार कधी जातास?’ मी म्हटलं, या वर्षी राहू दे वहिनी. त्या म्हणाल्या, ‘माका व्हर. इतकी वर्सा तो थंय जावन काय करी, ता माका एकदा बघूचा आसा.’ होडी लागते ना तुम्हाला, असं मी म्हटलं, तर म्हणाल्या, ‘लागांदे.’

गेल्या आठवड्यात गेलो. वहिनी फळीला घट्ट धरून, डोळे मिटून बसल्या होत्या. वाळूच्या तोंडाशी मी होडी थांबवायला सांगितली आणि पाण्याकडे बघत राहिले. बघितलं, पुन्हा बघितलं. भीती होतीच, पण या वेळी त्या भीतीची मला लाज वाटली नाही. ‘घे आत,’ मी बाबलला म्हटलं. वहिनींना दोघांनी धरून उतरवलं.

संध्याकाळी सूर्य टेकायला आला तसे आम्ही पश्चिमेकडे तोंड करून बसलो. वहिनी म्हणाल्या, ‘तो खंय बसा?’ मी मागचा खडक दाखवला. सर नेहमी तिथे, मावळतीकडे पाठ करून बसायचे. भूगोलाचे मास्तर आणि पश्चिम कुठे ते माहीत नाही, असं विलास त्यांना चिडवायचा. ते नुसते हसायचे. वहिनी उठून त्या खडकावर जाऊन बसल्या. त्याही तशाच, मावळतीकडे पाठ करून. मी जवळ गेले.

‘शुभा, हंयसून आमचा घर दिसता गो,’ त्या म्हणाल्या.

मी वळून बघितलं. सुरूंच्या फटीतून पांढरी भिंत आणि व्हरांड्याची कौलं दिसत होती. इतकी वर्षं येऊन मी त्या बाजूला कधी नीट पाहिलंच नव्हतं.

वहिनी घराकडेच बघत होत्या. ‘आणि मी थंय बसान हंय बघत होतंय,’ त्या म्हणाल्या.