जळगाव ते धुळे: हॉकीची मॅच आणि गाण्याची परीक्षा

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचा हिवाळा होता. जळगावच्या कॉलेजात नोटीस लागली : मुलींच्या हॉकीची आंतरमहाविद्यालयीन फायनल शनिवारी, धुळ्याला. माझ्या गाण्याच्या परीक्षेचं केंद्रही धुळ्यालाच, रविवारी सकाळी. एकाच एसटीत दोन्ही कामं होणार म्हणून मी उड्या मारल्या. मला गाणं शिकवणारे नाना मात्र हो म्हणेनात. नाना पोस्टात नोकरीला होते, संध्याकाळी घरी गाणं शिकवायचे. मी पहूरची, होस्टेलवर राहणारी. ग्राउंडवरून थेट त्यांच्याकडे जायची, पायाला माती तशीच.

"जा," ते शेवटी म्हणाले. "पण मैदानात ओरडायचं नाही. तुझा वरचा सा आत्ताच बसायला लागलाय. शब्द दे, कुंदा."

मी दिला. मी सेंटर हाफ होते, म्हणजे अख्ख्या टीमला हाका मारणं हेच माझं काम, हे त्यांना कुठे माहीत होतं?

शुक्रवारी सकाळची सहाची गाडी. गिरणेच्या पुलावर धुकं इतकं, की पाणी दिसेना. पुढे एरंडोलपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लिंबाची मोठी झाडं, त्यांच्यामागे वेचणीला आलेला कापूस. आता जाणार असाल तर चौपदरी रस्त्याने पटकन पोचाल. आम्हाला तीन तासांच्या वर लागले. पण पारोळ्याला गाडी थांबते ती दहा मिनिटं चुकवू नका. स्टँडवरची गरम भजी आणि आल्याचा चहा, आणि वेळ असेल तर गावातला किल्ला.

पारोळ्याला एक म्हातारी चढली. आमच्या सगळ्यांच्या हातातल्या स्टिका बघून दारातच थबकली.

"हाई काय शे वं पोरी? बठ्ठ्यास्ना हातमा काठ्या!"

"हॉकी खेळायला चाललोय, अक्का."

"मारामारी करू नका मंग," म्हणत ती माझ्याच शेजारी बसली आणि धुळ्यापर्यंत आम्हाला बोरं खाऊ घातली. मी एकही खाल्लं नाही. घसा!

आमची गोलकीपर प्रज्ञा, तिच्या मावशीकडे आम्ही दोघी उतरलो. मावशी दवाखान्यात नर्स होत्या. त्यांनी वांग्याचं भरीत आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी केली, आणि माझ्यासाठी मिरची न घालता वेगळं काढलं. बिनमिरचीचं भरीत खाणारी खान्देशी मुलगी त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असणार.

शनिवारी मैदान म्हणजे नुसता मुरूम आणि चुन्याच्या रेघा. मी शब्द पाळला. हातांनी खुणा करत राहिले. खुणा बघायला कोणाला वेळ असतो? डावीकडून त्यांची फॉरवर्ड मोकळी सुटली, आमची बॅक भलतीकडेच धावली आणि गोल झाला. मी ओरडले असते तर झाला नसता.

मध्यंतरात प्रज्ञा पॅड काढता काढता म्हणाली, "तू मुकी झालीस तर मी मागून काय समजायचं? सांग ना, आज खेळतेयस की नाही?"

तिच्या कोपरातून रक्त येत होतं. ती दोन वर्षं माझ्याबरोबर पहाटे मैदानावर येत होती. नानांचा चेहरा डोळ्यांसमोर आला. तरी मी उठले.

दुसऱ्या हाफमध्ये मी पस्तीस मिनिटं ओरडले. "डावीकडे! सोड! मागे ये!" बरोबरी झाली, मग पेनल्टी कॉर्नरवर दुसरा गोल. शिट्टी वाजली तेव्हा मला "जिंकलो" हा शब्दसुद्धा बोलता येत नव्हता.

मावशींनी वाफ दिली, ज्येष्ठमध चघळायला लावला. सकाळी आवाज आला तो फाटक्या कापडासारखा. परीक्षकांसमोर मी नेहमीपेक्षा खालची पट्टी मागितली. बंदिश कशीबशी गायले. वरच्या सा ला गळ्यातून नुसती हवा आली.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काल मॅच होती, सर. ओरडले."

त्यांनी पेन खाली ठेवलं, माझ्याकडे पाहिलं. "ताना येतात?"

"येतात. आज निघणार नाहीत."

"मग सरगम म्हणून दाखव." मी एकेक स्वर नीट म्हणून दाखवला. ते पुरेसं नव्हतं, हे मला बाहेर पडतानाच कळलं. महिन्याने निकाल लागला, नापास.

त्या रविवारी जळगावला परतल्यावर आधी नानांकडे गेले. दारातच त्यांना सगळं कळलं असणार, कारण मी "नाना" म्हटलं ते घोगरं.

"जिंकलात?"

मी मान डोलावली.

"शब्द मोडलास."

पुन्हा मान डोलावली. रडू येत होतं. त्यांनी पेटीवरचं कापड सारखं केलं. "पुढच्या वर्षी परत असंच आलं तर?"

खोटं बोलवेना. "ओरडेन," मी म्हटलं. "आणि परीक्षेलाही जाईन."

"मग आठ दिवस तोंड बंद. नवव्या दिवशी खर्जापासून सुरू करू."

पुढच्या वर्षी मी पास झाले. कॉलेज सुटलं तशी हॉकी सुटली. गाणं टिकलं, आता शाळेत शिकवते. प्रज्ञाचं पत्र येतं, अजून ती मला सेंटर हाफच म्हणते. माझा वरचा सा मात्र पुन्हा कधी पूर्ण साफ लागला नाही. किंचित खरखर राहिली. त्याचं वाईट वाटतं का? एखाद्या दिवशी, हो. वर्गातल्या मुली विचारतात, "बाई, सर्दी झालीय का?"

"नाही गं," मी म्हणते, "धुळ्याला जिंकलो होतो."