आरेतला वाघ

मी नवा वकील होतो, तेव्हा आमच्या उपनगरातल्या फौजदारी कोर्टात एक मालवणी पट्टेवाले होते. भांडुपहून यायचे. नाव पुकारलं की आधी आरोपीचा चेहरा निरखायचे.

एकदा चोरीचा आरोप असलेला तेलुगू मजूर उभा होता. "गुन्हा कबूल?" असं विचारल्यावर तो घाबरून म्हणाला, "हां साब." मॅजिस्ट्रेट लिहू लागले, तसे पट्टेवाले पुढे झाले.

"साहेब, ह्येका कायएक समजणा नाय. आरेतलो वाघ तूच मारलंस काय, असा इचारून बघा."

साहेबांनी हिंदीत विचारलं.

"हां साब!"

सगळं कोर्ट हसलं. साहेबांनी मात्र लिहिलेलं खोडलं, दुभाषा बोलावला आणि मला त्याचा वकील नेमलं. पुढे तो निर्दोष सुटला. पण त्या दिवशी दुभाषा येताच तो जो बोलत सुटला, तो थांबेचना. पट्टेवाले खुशीत माझ्या कानाशी आले.

"बघलात मा, वकीलसाहेब? माणूस मुको नाय हां!"