लिहून घेणार कोण?

आईने रस्त्याकडची हातमागाची खोली शेजाऱ्याला विकायचे ठरवले. अट एकच: मागच्या घरातून रस्त्यावर यायची वाट खोलीला लागूनच जाते, ती तिच्यासाठी कायम मोकळी राहावी. दुसरी वाट नाही.

खरेदीखताचा मसुदा शेजाऱ्यानेच करून आणला. साकोलीच्या नोंदणी कार्यालयात आमचा नंबर यायला वेळ होता. शेजारी, त्याची बायको, आई आणि मी बाकावर बसलो. मी पेन्सिल काढून मसुदा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. न वाचता सही करू देणे माझ्या स्वभावात नाही.

'लिहून घेणार, म्हणजे ते स्वतः, त्यांचे वारस, मुखत्यार आणि ते नेमतील ती व्यक्ती.' मी तिथेच थांबले. नेमतील ती कोण?

आईला विचारले, "लिहून घेणार कोण, ठाऊक आहे ना?"

"थो टेबलावरचा," तिने दस्तलेखकाकडे बोट केले. "थोच तं सकाळपासून लिहून घेऊन रायला."

तेव्हा कळले, ते कलम तिने लेखकाचे समजून सोडून दिले होते. "अगं, ज्याच्या नावावर खोली होणार तो लिहून घेणार. म्हणजे हा, नाहीतर हा नेमेल तो दुसरा कोणी," मी सांगितले.

पुढे वाटेचे कलम आले. तिथे वारस नाहीत, नेमलेली व्यक्ती नाही. वाट 'ते स्वतः हयात व मालक असेतोवर' देतील, एवढेच. म्हणजे खोली कोणालाही मिळणार आणि वाटेचा शब्द फक्त याच्यापुरता. उद्या याने खोली दुसऱ्याला दिली की आई घरात कोंडली.

"दोन्हीकडे सारखेच लिहा," मी म्हटले. "घेताना जेवढे जण, देतानाही तेवढेच."

"ताई, माह्यावर भरोसा नाही का?" शेजारी हसला. "वकिली कराले लागल्या तुमी तं."

"तुयावर हाय, बाबू," आई म्हणाली. "थो दुसरा कोन हाय, थे सांग."

"कोनी नाही, काकू. तसं लिहाचीच पद्धत असते."

"मंग खोडून टाक."

तो मोबाइल घेऊन बाहेर गेला. खिडकीतून दिसत होता. बोलत कमी होता, माना जास्त हलवत होता. परत आला आणि माझ्या हातातला मसुदा घेऊन त्याची घडी घातली. "आज राहू द्या, काकू. घरी इचारलं, घरचे नाही म्हनून रायले."

आईने शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोकडे पाहिले. ती पदराचे टोक पाहत होती.

"घर तं इथंच बसलं हाय, बाबू," आई म्हणाली आणि सहीसाठी घेतलेला माझा पेन मला परत दिला.